एक शब्द कमी

साखर पेठेत, बोळाच्या तोंडाशी, माझं लेबलांचं दुकान.
लग्नपत्रिका मोबाईलवर गेल्या.
उरली ती पिशव्यांवरची नावं: पापड, धने पूड, कडक भाकरी,
आणि दर अमावस्येच्या मागेपुढे पाचशे
इरव्वा म्हेत्रे यांची सोलापुरी शेंगा चटणी.
पिवळ्यावर लाल. 'सोलापुरी' सगळ्यात मोठं.
तिनंच सांगितलेलं: माझं नाव बारीक टाक,
मला कोण ओळखतंय? गावाला ओळखत्यात.

परवा आली ती पिशवीतून पाकीट काढत.
जाड कागद, इंग्रजी पत्र, वर वकिलाचं नाव सोनेरी.
वाच की रे नरसय्या, लग्नाचं हाय का कुणाच्या?

मी दोनदा वाचलं.
खाली कंपनीच्या डबीचं चित्र होतं,
आणि आपल्या त्या शब्दाच्या खांद्यावर
गोलात एक बारीक अक्षर,
देवीच्या लसीच्या व्रणासारखं.

मावशी, हा शब्द त्यांचा झालाय.
कुठला?
गावाचा.
गाव घेतलं त्यांनी?
गाव नाही. गावाचं नाव. तेही चटणीपुरतं.
ती हसली. मग हसायची थांबली.
मग मी ऱ्हाते कुठं रे आता, चटणी कांडताना?

कोर्टासमोरचे मणुरे वकील म्हणाले, वाट आहे.
सगळ्या बाया एक करा, अर्ज भरा,
नाव गावाच्या नावावर करून घ्या, चादरीचं झालं तसं.
मी मान हलवली.
चादरीचं मला कुणी सांगायला नको.
नाव टिकलं, ते चांगलंच झालं.
आमचे दोन माग मात्र त्याआधीच
भंगारवाल्यानं किलोवर नेले होते.

तरी अर्ज काढला. रात्री दुकानात बसून भरायला घेतला.
उगम, असा रकाना होता.
शेंगा?
गेल्या साली कर्नूलच्या, औंदा जिथं स्वस्त तिथल्या.
मिरची?
ब्याडगी.
हात?
हात इंडीचा. सासू अफझलपूरची, तिनं शिकवलं.
तिला कुणी शिकवलं?
मागच्या चाळीतल्या पद्मशाली बाईनं,
तुमच्यातलीच की ती, तेलुगूत शिव्या द्यायची.
मी पेन खाली ठेवलं.
मग यात सोलापूरचं काय आहे, मावशी?

कांडणं, म्हणाली.
मिक्सरला लावली की भुकटी होती.
कांडली की तेल सोडती.
तेल सोडेस्तोवर थांबायचं नाही,
एवढंच हाय बघ सोलापूर.

पुरावा, असा पुढचा रकाना.
लिही, शेजारणीचा ठसका.

अर्ज अजून ड्रॉवरमध्ये आहे.
पंधरा दिवस मात्र कुणासाठी थांबत नाहीत.
मी कॉम्प्युटरवर तिचं लेबल उघडलं,
मधला शब्द निवडला, तो निळा झाला,
एक बटण, आणि पिवळ्या जमिनीत खड्डा.
तिथं 'अस्सल' टाकून बघितलं. अस्सल तर सगळेच असतात.
'गावरान' टाकलं. कुठलं गाव, ते सांगायची सोय नाही.
'घरगुती' बघून ती म्हणाली, घर भाड्याचं हाय, काढ ते.
राहू दे मोकळं.

तसंच छापलं.
चार दिवसांनी कोपऱ्यावरच्या दुकानात पाकीट दिसलं.
तिच्या चटणीचं तेल कागदातून वर आलं होतं,
मोकळ्या जागेचा कागद काचेसारखा झालेला,
आणि आत, शब्द होता तिथं,
लालभडक, जाडसर, दिसत होती चटणीच.
दुकानदार कुणाला तरी सांगत होता,
हे घ्या, आपलं इथलंच आहे.

मी तिला सांगितलं. तिला काही विशेष वाटलं नाही.
पुढच्या पाचशेचे पैसे मोजत होती.
दोन नोटा परत पदरात बांधल्या.
एक शब्द कमी झालाय न्हवं, म्हणाली,
तोही सगळ्यात मोठा. शाई वाचती तुझी.
दर कमी कर बे.